बॉनेटच्या आतली यादी

ता. ९ सप्टेंबर, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू, गोटी आणि तुझी ताई मजेत असाल. इकडे मी ठीक आहे. पत्र कसं लिहायचं ते दादाने मला शाळेत असताना शिकवलं होतं, पण मी दोन ओळींच्या पुढे कधी बसलोच नाही, म्हणून इथून पुढचं माझ्या मनाने लिहितोय. शुद्धलेखनाचे मार्क कापू नकोस.

फोनच करणार होतो. पण तू फोन उचललास की माझ्या तोंडून भलतंच निघतं. मागच्या वेळी पंधरा मिनिटं मी तुला विहिरीतल्या कासवाबद्दल सांगत होतो, आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. म्हणून आता कागद. कागद मधेच ठेवून देत नाही.

आधी जे सांगायचं ते सांगून टाकतो. गाडी मी भंगारात दिलेली नाही. तू ताईकडे जाताना म्हणालीस, "ती गाडी मोडीत घाल, मला परत दिसायला नको." मी मान हलवली होती. गाडी तुझ्या नावावर, शब्दही तुझाच. पण सात आठवडे झाले, ती आपल्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि मी तिला परत बांधतोय. आता राग येऊ दे. आला की पुढचं वाच.

का बांधतोय ते मला नीट सांगता येत नाही. दादाला जाऊन पाच महिने होत आले. दर वेळी काही झालं की मी पिशवी उचलतो आणि निघतो, हे तुला माहीत आहे. मी अकरा वर्षांचा असताना तू या घरात आलीस आणि तिसऱ्याच दिवशी मला शोधायला तुला मालधक्क्यावर जावं लागलं होतं. या वेळीही पिशवी भरली होती. दारातून बाहेर पडलो तर समोर गाडी. नाक चेपलेलं, काच नाही, डाव्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं. पिशवी खाली ठेवली आणि बॉनेट उघडता येतं का बघायला गेलो. उघडत नव्हतं. ते उघडेपर्यंत बस गेली.

इंजिनची हालत सांगतो. गाडी पुलाच्या कठड्यावरून नाकावर ओढ्यात गेली तेव्हा इंजिन चालूच होतं, त्यामुळे त्याने हवेबरोबर पाणी ओढलं. डिझेलचं इंजिन हवा इतकी दाबतं की ती तापून डिझेल पेटवते. पाणी दाबलं जात नाही. मग जे मधे असेल ते वाकतं. चारातले दोन रॉड वाकले. उस्तादांनी एक हातात घेऊन उन्हात धरला आणि ओरडले, "केळं झालंय केळं!" ते साधं बोलले तरी ओरडतातच, चाळीस वर्षं लेथवर काढून कान गेलेत. दादा यांच्याकडेच काम शिकला, म्हणून मला फुकट शिकवतात आणि फुकट शिव्याही देतात. "तुझ्या भावाला मी एकदा सांगायचो, तुला चारदा सांगतो, आणि तू चारही वेळा पक्षी बघत असतोस."

तुझ्या सहा वाट्यांत सध्या नटबोल्ट आहेत. वाटीवर चिकटपट्टी लावून कुठले कुठले ते लिहिलंय. गोटीच्या अंघोळीच्या टबात डिझेल ओतून पार्ट धुतो. तिला सांगू नकोस, मी तिला नवा टब आणून देईन, माशाचं चित्र असलेला.

हात काळे झाले की मला ते दीपगृहाचे दिवस आठवतात. तुला सांगितलं का मी कधी? दीपगृह रंगवणाऱ्या टोळीबरोबर मी आठ दिवस काम केलं. कंबरेला दोर बांधून वरून खाली सोडतात. समोर फक्त पांढरा रंग आणि पाठीमागे सगळा समुद्र. मुकादम खालून शिट्टी वाजवायचा, एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. मी दोन्हीत गोंधळ करायचो. कधीची गोष्ट ते विचारू नकोस, तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत.

कुठे होतो? हां. गाडी.

बॉनेट शेवटी निघालं. उलटं करून, लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोकून सरळ करत होतो, तर आतल्या बाजूला दादाची मेणखडूची यादी सापडली. मेणखडू, म्हणून ओढ्याच्या पाण्याने गेली नव्हती. तुला वाटतं तसं त्याला नुसता वेग नको होता, वहिनी. दगडाच्या फरशा भरून आपला चढ चढताना गाडी कशी धापा टाकायची ते तूही ऐकलंयस. भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरवर घरापर्यंत यायचं, एवढाच त्याचा हट्ट होता. यादी अशी आहे. दुसऱ्या ओळीत इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा मोठा टर्बो. मग टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर. मग डिझेल फवारणारे मोठे नोझल, हेडचे जाड स्टड, क्लच. आणि सातव्या ओळीत लिहिलंय, "गोटीची सीट, मधे, पट्ट्यासकट." पहिली ओळ पुसली गेली आहे, वाचता येत नाही.

सातवी ओळ गोटीला सांगशील का? कारण मागच्या रविवारी तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा फोन तिने उचलला होता. तिने तुला सांगितलं नसेल. म्हणाली, "काका, बाबांना माझ्यापेक्षा इंजिन आवडायचं ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"आई मावशीला म्हणाली. ब्रेक चांगले नाहीत हे माहीत असून गाडी काढली म्हणे. माहीत असून म्हणजे मुद्दामच ना?"

सहा वर्षांची पोर. मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही गं." आवाज चांगला येत होता.

गाडी पुरी झाली की तू सांगशील तसं. तोवर मी इथेच. तुला खरं वाटणार नाही, पण आठवडाभर मी बस स्टॉपकडे गेलोही नाही.

ताईंना नमस्कार. गोटीला एक चिमटा, गालाला, हळू.

तुझा, सध्या घरकोंबडा झालेला दीर,
भिंगरी


ता. २८ सप्टेंबर, सोमवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "बांध नाहीतर जाळ. मला त्यातलं काही सांगू नकोस. वाट्या तुलाच राहू देत. गोटीशी गाडीबद्दल बोलायचं नाही." चार वाक्यं. मी ती चार वेळा वाचली. रागाची असली तरी तुझ्या अक्षरातली आहेत, आणि वाट्यांचा उल्लेख आहे म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचलंस.

काही सांगू नकोस म्हणालीस, तरी एक गोष्ट सांगतो. ही ऐकावीच लागेल.

परवा गिअरबॉक्स उतरवला. अपघातात गिअरचा दांडा वाकला होता त्यामुळे आतलं सगळं जसंच्या तसं अडकून बसलं होतं. उस्तादांनी झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि मला मानेला धरून वाकवलं. "बघ. कुठल्या गिअरात आहे?" मी बघितलं. दुसऱ्यात. वहिनी, दादा उतारावरून दुसऱ्या गिअरात येत होता. रिकामी गाडी, इंजिनमध्ये एवढी ताकद भरलेली, आणि दुसरा गिअर. म्हणजे माणूस चालवत नव्हता, गाडीला हात धरून खाली आणत होता. वळणावर दूधवाल्याची सायकल आडवी आली नसती तर खालपर्यंत सहज आला असता. दूधवाल्याला वाचवायला त्याने स्टिअरिंग कठड्याकडे ओढलं. तो माणूस अजून आपल्या गल्लीत शिरला की घंटी वाजवत नाही, मुकाट्याने दूध ठेवून जातो.

हॉस्पिटलच्या बाकावर तू जे म्हणाली होतीस ते माझ्या कानातून जात नाही. "ताकद हवी होती ना त्याला? मिळाली. ब्रेक तसेच ठेवले आणि टर्बो बसवत बसला. घरी पोर आहे हे कुठल्या यादीत होतं त्याच्या?" तेव्हा मला यादीचं माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पोर यादीत होती. आणि वेगाची हौस असलेला माणूस दुसऱ्या गिअरात उतरत नाही. एवढं तरी मनात धर.

बाकी काम असं. रॉड नवे, पिस्टन नवे. उस्तादांनी क्रँक तपासला, तो बचावलाय. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, बसवून झालं. हेडचे बोल्ट एकदम आवळायचे नसतात. मधून सुरू करायचं आणि गोगलगाईच्या पाठीसारखं फिरत बाहेर जायचं, मग परत मधून, परत, असं तीनदा. घाई केली की हेड एका बाजूला बसतं. दुसऱ्या फेरीला मला बाहेर कोण भांडतंय ते बघायला जायचं होतं. उस्ताद म्हणाले, "भांडण उद्याही होईल." मी बसलो. तीन फेऱ्या पूर्ण केल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट शेवटच्या बोल्टपर्यंत केली, आणि सांगायला धावत आत गेलो तर आत कोणीच नव्हतं.

दादाने मागवलेला टर्बो ओढ्यातला गाळ काढून, धुवून, उघडून परत जोडला. बोटाने ढकललं की एवढा वेळ फिरत राहतो की मी मोजायचं विसरतो. इंटरकूलर नवा आणावा लागला, जुना चपटा झाला होता. नोझल बसले.

व्हॅक्यूम पंप तेवढा राहिलाय. तोच तो ब्रेकचा, अपघाताच्या कागदात ज्याचं नाव आहे. पेट्रोलच्या गाडीत इंजिन स्वतःच ओढ देतं आणि ब्रेक हलका लागतो. डिझेलमध्ये तशी ओढ नसते, म्हणून हा वेगळा पंप. तो बिघडला की ब्रेकचं पेडल दगड होतं. दोन्ही पाय रोवून उभं राहिलं तरी बोटभरच जातं. जुना पंप किती दिवसांपासून तेल गाळत होता. नवा बसवायचाय. बसवीन. सगळ्यात शेवटी बसवीन.

उस्ताद काल मधेच म्हणाले, "त्याचं लाल फडकं सापडलं का रे गाडीत?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी त्यांना विचारलं, लेथचा पट्टा असा तिरका का घालतात. मग त्यांनी अर्धा तास पट्ट्यावरच सांगितलं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, की दादाने त्या दिवशी गाडी का काढली ते मला माहीत नाही.

गोटीची सीट मी सुताराकडून करून घेतोय.

तुझा दीर,
भिंगरी


ता. १७ ऑक्टोबर, शनिवार

वहिनी,

नमस्कार. तुझं मोठं पत्र आलं. आठ दिवस ते माझ्या खिशात आहे. उत्तर लिहायला बसलो की मला अंगण झाडावंसं वाटतं, ताडपत्री शिवावीशी वाटते. काल तर मी शेजारच्यांचं कुलूप दुरुस्त करून दिलं, त्यांनी सांगितलं नव्हतं. आज दार लावून बसलोय.

तू लिहिलंस, "दुसऱ्या गिअरचं वाचून मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले. तोवर फक्त रागच होता. पण मग काढलीच का गाडी? तो असा नव्हता. आणि त्या दिवशीच्या त्याच्या पँटच्या खिशात एक लाल फडकं निघालं, गाठीची चुणी अजून आहे त्याला. हे काय आहे? तुला माहीत असेल तर सांग."

माहीत आहे.

ती उस्तादांच्या गॅरेजातली पद्धत. ज्या गाडीचं काही धोक्याचं काम अर्धवट असेल तिच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत गाडी कोणी हलवायची नाही, मालक आला तरी नाही. आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, काम झाल्यावर. तू अंगणात फार यायची नाहीस, तेलाच्या वासाने तुझं डोकं उठायचं, म्हणून तुला ठाऊक नसेल. दादाने ते फडकं बांधलं होतं. अकरा दिवस बांधलेलं होतं. त्याने ते मुद्दाम सोडलं, आणि माझ्यामुळे सोडलं.

बॉनेटवरची पहिली ओळ पुसली गेली असं मी लिहिलं होतं. ते खोटं. ती सगळ्यांत ठळक आहे. दोनदा गिरवलीय. "१. ब्रेक. व्हॅक्यूम पंप. (भिंगरी आणतोय.)"

मी तेव्हा मोठ्या शहरात होतो. पार्ट तिथेच मिळत होता. दादाने फोनवर सांगितलं, मी दुकानात जाऊन घेतला, अकरा एप्रिलला. बारा तारखेच्या बसने यायचं होतं. बस समुद्राकाठी चहाला थांबली. दीपगृहावर माणसं लटकलेली दिसली. मी बघायला उतरलो, आणि बस माझ्याशिवाय गेली. पंपाचा खोका आठ दिवस माझ्या उशाला होता. दादाचे फोन यायचे. मी म्हणायचो, "निघतोच, उद्या." तो म्हणायचा, "बरं, तोवर मी बाकीचं उरकतो." म्हणून टर्बो आधी बसला, वहिनी. म्हणून ब्रेक मागे राहिले. तू समजलीस तसं त्याने ताकद आधी आणि ब्रेक नंतर असं काही ठरवलं नव्हतं. तो माझी वाट बघत होता, आणि त्याला रिकामं बसता येत नव्हतं.

मग समुद्राकाठून निघालो. वाटेत आणखी एके ठिकाणी उतरलो, ते आता सांगण्यासारखंही नाही. बावीस तारखेला सकाळी आपल्या उताराच्या पायथ्याशी उतरलो. सकाळी. तुला, पोलिसांना, सगळ्यांना मी सांगितलं की दुपारच्या बसने आलो, तोवर सगळं होऊन गेलं होतं. मी साडेआठला स्टॉपवर होतो. फोन केला. आमचं बोलणं मी शब्द न बदलता लिहितो. ते विसरायचा मी खूप प्रयत्न केलाय, म्हणून पक्कं लक्षात आहे.

"दादा, उतरलोय. ये ना घ्यायला."

"पंप आणलास?"

"आणलाय."

"शाब्बास! मग ये चालत. गाडीला फडकं बांधलंय."

"बॅग जड आहे रे. पाय दुखतायत."

"काय भरलंस एवढं? दीपगृह?"

"दुसऱ्यात घालून हळू ये ना. उतारच तर आहे. परत जाताना चढ, ब्रेक लागतातच कुठे?"

त्याच्या मागे गोटी काहीतरी गात होती. तो हसला आणि म्हणाला, "बरं. तिथेच थांब. हलू नकोस हं, नाहीतर परत कुठेतरी जाशील."

वहिनी, बॅग जड नव्हती. पंप तीन किलोचा. दोन शर्ट आणि एक चादर. मला चढ चढायचा कंटाळा आला होता.

मी थांबलो. त्याने सांगितलं म्हणून पहिल्यांदाच एका जागी थांबलो. चहा घेतला. उशीर होतोय म्हणून मनात त्याला नावं ठेवली. मग लोक पुलाकडे पळताना दिसले. पुढचं तुला माहीत आहे, फक्त मी तिथे होतो हे माहीत नाही. त्याला वर काढणाऱ्या सहा जणांत मी होतो. तो काही बोलला नाही. बोलण्यासारखा नव्हता. त्याला दुसऱ्या गाडीत घालून नेलं तेव्हा मी मागे राहिलो आणि दुपारी आल्यासारखा हॉस्पिटलात आलो. तू बाकावर होतीस. टर्बोचं, यादीचं ते वाक्य बोललीस. मी तुझ्या शेजारी बसलो आणि पायाने बॅग बाकाखाली सारली. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर तुझा राग त्याच्यावर गेला नसता. माझ्यावर आला असता. तेवढ्यासाठी मी सहा महिने त्याला तुझ्या आणि गोटीच्या नजरेत दोषी राहू दिलं. मेलेल्या माणसाच्या आड लपलो.

हे मला उस्तादांनी बोलायला लावलं असं नाही, पण त्यांना कळलं. गेल्या सोमवारी मी पंप बसवायला काढला. खोका दमट झालेला, पण दुकानाची चिठ्ठी आत तशीच. त्यांनी चष्मा पुसून तारीख वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. मला वाटलं ओरडतील. इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"हा त्या वेळचा आहे?"

"हो."

"कुठे होता?"

"माझ्या बॅगेत. खाली, स्टॉपवर."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती खोक्यात परत ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या वहिनीला ठाऊक आहे?" मी मान हलवली, नाही. ते उठले, हात धुतले, आणि घरी गेले. चहाही घेतला नाही. तेव्हापासून आलेले नाहीत. पंप मी एकट्याने बसवला.

बसवल्यावर गाडी सुरू केली. पहिल्या झटक्याला लागली. आवाज एकसारखा आहे, धूर नाही, टर्बोची शिट्टी स्वच्छ ऐकू येते. मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अलगद खाली गेलं. लोण्यात बोट घालावं तसं. तीन किलोचा तुकडा, चार बोल्ट, दीड तासाचं काम. मी इंजिन बंद केलं आणि कितीतरी वेळ तसाच आत बसून राहिलो.

काल पोलीस ठाण्यात गेलो होतो. म्हटलं, माझा जबाब चुकीचा आहे, बदलायचाय. हवालदार म्हणाले, "फाईल बंद झाली बाबा. आता काय फरक पडतो?" मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंय, चालकाने माहीत असून निष्काळजीपणा केला. घ्यायला ये म्हणून कोणी गळ घातली ते लिहिलेलं नाही. ते लिहा." त्यांनी दोन वेळा जेवायला पाठवलं, मी दोन वेळा परत आलो. शेवटी वैतागून अर्ज घेतला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला. ती प्रत सोबत जोडलीय. त्यावर माझं शाळेतलं पूर्ण नाव आहे, तुला हसू येईल. म्हणजे एरवी आलं असतं.

गाडीची किल्लीही पाकिटात आहे. गाडी पूर्ण आहे. मी ती अंगणाबाहेर नेलेली नाही आणि नेणार नाही. विक, मोड, कोणाला देऊन टाक. उस्ताद तुझ्या शब्दाला येतील, माझ्या नाही.

माफ कर असं मी लिहीत नाहीये. ते मागायला आधी तुला सगळं कळायला हवं होतं, आणि कळल्यावर मागायला तोंड राहत नाही. एकच सांगतो. मी इथून जात नाहीये. हे शिक्षा म्हणून वगैरे नाही. तुला मला काही बोलायचं असेल, आज, वर्षाने, कधीही, तर मी कुठे आहे ते तुला शोधावं लागू नये. एकदा मालधक्क्यावर शोधलंस तेवढं पुरे. उस्तादांच्या जुन्या जागेत दुरुस्तीचं काम सुरू करायचं का ते त्यांनाच विचारायचंय, ते बोलायला लागले तर.

गोटीला हे वाचून दाखव. आता नाही समजलं तर मोठी झाल्यावर. तिला सांग, बाबांना इंजिन आवडायचं हे खरं आहे, पण त्या दिवशी ते इंजिनसाठी निघाले नव्हते. त्यांचा एक भाऊ होता, जो कधी एका जागी थांबायचा नाही. तो परत कुठे निघून जाऊ नये म्हणून निघाले होते. तिने मला काका म्हणायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे. तू काही सुचवू नकोस. माझ्या बाजूनेही नको.

ताईंना नमस्कार.

ज्याला आणायला तो त्या सकाळी निघाला होता, तो